कागदात अडकलेला सल्ला

कुत्रा चावलेला माणूस दवाखान्यात आला की आजही पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील का?" प्रश्न विचारणारा साठीचा गृहस्थ असेल तर ते समजण्यासारखे आहे. त्याच्या लहानपणी ती इंजेक्शने खरोखरच पोटात घ्यावी लागत, आणि ती दुखतही असत. पण हाच प्रश्न कॉलेजात जाणारी मुलेही विचारतात. त्यांच्या जन्माच्या सुमाराला बंद झालेल्या लशीची भीती त्यांना आजी-आजोबांकडून वारसा म्हणून मिळालेली असते.

वस्तुस्थिती अशी की प्राण्यांच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस आपल्या देशात २००४ सालीच बंद झाली. आताची लस दंडावर देतात. त्वचेत द्यायची पद्धत असेल तर चार वेळा आणि स्नायूत द्यायची असेल तर पाच वेळा जावे लागते. पोटाशी तिचा काही संबंध नाही. वीस वर्षे उलटून गेली, तरी ही साधी बातमी घराघरात पोहोचलेली नाही. परिणामी काही जण भीतीने दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, तर काही जण जखमेवर हळद, चुना किंवा मिरचीपूड भरून दोन-चार दिवस वाट पाहतात. रेबीजच्या बाबतीत अशी वाट पाहणे जिवावर बेतू शकते. या रोगाची लक्षणे एकदा सुरू झाली की मग आम्हा डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. उलट, चावल्याबरोबर योग्य उपचार सुरू झाले तर हा मृत्यू टाळता येतो.

आता प्रश्न असा, की योग्य उपचार कोणते हे कुणी लिहून ठेवलेले नाही का? ठेवले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने रेबीज प्रतिबंधाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या असून २०१९ साली त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. चांगल्या, तपशीलवार आणि शास्त्रशुद्ध सूचना आहेत. पण त्या इंग्रजीत, डॉक्टरांच्या भाषेत आणि संगणकावरच्या एका फाइलमध्ये आहेत. डोंबिवलीच्या चाळीतल्या किंवा मुरबाड रस्त्यावरच्या एखाद्या गावातल्या आईपर्यंत ती फाइल कशी पोहोचावी? औषध आहे, सल्ला आहे, पण सल्ला कागदात अडकला आहे. आजचा लेख या अडकलेल्या सल्ल्याविषयी आहे.

मार्गदर्शक सूचना म्हणजे काय?

सरकारी कागदांची एक उतरंड असते. सर्वांत वर कायदा. तो संसद किंवा विधिमंडळ करते. त्याच्या खाली नियम. ते कायद्याने दिलेल्या अधिकारात सरकार करते आणि राजपत्रात छापते. त्यानंतर येतो शासन निर्णय, ज्याला आपण सगळे 'जीआर' म्हणतो. मग खात्याचे परिपत्रक. आणि शेवटी मार्गदर्शक सूचना, म्हणजे प्रत्यक्ष काम कसे करायचे हे सांगणारा कागद.

आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर कायदा म्हणजे निदान आणि मार्गदर्शक सूचना म्हणजे औषधाची चिठ्ठी. निदान कितीही अचूक असले तरी गोळी कोणती, किती, कधी आणि किती दिवस हे चिठ्ठीवरच कळते. सामान्य माणसाचा कायद्याशी संबंध क्वचित येतो, पण या चिठ्ठीशी रोज येतो. लस कुणाला फुकट, कोणत्या कागदावर मदत मिळते, बिलात काय लावता येते, मृतदेह कसा न्यायचा, ही सारी उत्तरे बहुतेक वेळा परिपत्रकांत आणि मार्गदर्शक सूचनांत असतात. आणि नेमका हाच कागद लोकांना सर्वांत कमी दिसतो, कारण तो एका कचेरीने दुसऱ्या कचेरीला लिहिलेला असतो. रुग्णाला त्यात कुणी संबोधलेलेच नसते.

चाव्याची चिठ्ठी काय सांगते?

उदाहरण म्हणून रेबीजच्या सूचनांचे सार इथे साध्या मराठीत देतो. कात्रण काढून ठेवले तरी चालेल.

चावल्याबरोबर पहिले काम म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुणे. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा. त्यानंतर जंतुनाशक लावावे. हळद, तेल, चुना, मिरची, पाला यांपैकी काहीही भरू नये. शक्यतो टाके घालू नयेत, पट्टी घट्ट बांधू नये.

मग जखमेचा प्रकार पाहायचा. प्राण्याला नुसता हात लावला किंवा धडधाकट कातडी त्याने चाटली तर तो पहिला प्रकार. लस लागत नाही. दात नुसते लागले किंवा रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरा प्रकार, लस घ्यायची. रक्त आले, किंवा फुटलेल्या कातडीला अथवा तोंड-डोळ्याच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागली तर तिसरा प्रकार. यात लशीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती तयार प्रतिद्रव्यांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यावे लागते. लस शरीरात संरक्षण तयार करायला वेळ घेते. तेवढे दिवस हे इंजेक्शन पहारा देते. ते पहिल्या दिवशीच मिळालेले बरे. राहून गेले तर लशीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंतच देता येते.

त्वचेत देण्याची लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची. पहिला दिवस शून्य धरायचा. स्नायूत देत असतील तर शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस. गरोदर स्त्री आणि अगदी तान्हे मूल यांनाही ही लस देता येते. पथ्यपाणी काही नाही. कुत्रा पाळीव आहे म्हणून दहा दिवस त्याच्यावर लक्ष जरूर ठेवावे, पण त्याचे काय होते ते पाहून मग लस घेऊ, असे म्हणत थांबू नये. आधी लस सुरू करायची.

हा सारा मजकूर वर्तमानपत्राच्या एका रकान्यात मावला. मग तो प्रत्येक शाळेच्या फळ्यावर, प्रत्येक सोसायटीच्या सूचना फलकावर का मावू नये?

सल्ला पोहोचला नाही की काय होते?

करोनाच्या काळातली गोष्ट वाचक विसरले नसतील. ८ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णाला घरी सोडण्याचे धोरण बदलले. सौम्य आजार असलेल्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला, तर पुन्हा तपासणी न करता घरी सोडता येईल, असे त्यात स्पष्ट होते. पण हा कागद सोसायट्यांपर्यंत गेलाच नाही. बरा झालेला माणूस बॅग घेऊन गेटवर उभा आणि सेक्रेटरी विचारतात, "निगेटिव्ह रिपोर्ट कुठे आहे?" असे प्रसंग आपल्या भागात कितीतरी घडले. सेक्रेटरी दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. त्यांच्या हाती आदल्या महिन्याची ऐकीव माहिती होती.

त्याच महिन्यात, २१ मे २०२० रोजी, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. तो आदेश आता इतिहासजमा झाला. पण त्या वेळी ज्याला तो ठाऊक होता त्याला बिल तपासता आले. ज्याला ठाऊक नव्हता त्याने दागिने मोडले. आजार एकच, आदेशही एकच; फरक फक्त माहितीचा.

क्षयरोगाचे उदाहरण आजचे आहे. क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा थेट बँक खात्यात पैसे देणारी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. तेव्हा रक्कम ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्या रुग्णालाही, त्याची रीतसर नोंद झालेली असेल तर, ती मिळते. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेकांना ही शेवटची गोष्ट सांगितली की आश्चर्य वाटते. "ते फक्त सरकारी दवाखान्यातल्यांना ना?" असे ते म्हणतात. औषध सुरू असताना अंडी, दूध, डाळ घेण्याइतके पैसे हक्काने मिळत असतात आणि माणूस ते सोडून देतो, ते केवळ त्याला कुणी सांगितले नाही म्हणून.

हृदयाच्या स्टेंटचेही तसेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या. औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. स्टेंटचे नाव आणि किंमत बिलात वेगळी दाखवली पाहिजे, असेही सांगितले गेले. पुढे या किमती वेळोवेळी बदलल्या. पण "बिलात स्टेंट वेगळा दाखवा" हे वाक्य रुग्णाच्या नातेवाइकाला माहीत असेल तरच त्याचा उपयोग.

कागद असतो कुठे?

एक चांगली गोष्ट आधी सांगतो. महाराष्ट्र शासनाचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर ठेवले जातात आणि ते मराठीत असतात. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संगणक सांकेतांक असतो. तो आकडा टिपून घेतला की नेमका तोच कागद शोधता येतो. कुणी म्हणाले, "असा जीआर आहे," तर त्यांना नम्रपणे तारीख आणि सांकेतांक विचारावा. खरा कागद असेल तर दोन्ही मिळतील. फोनवर फिरणाऱ्या बनावट आदेशांना हा उत्तम उतारा आहे.

केंद्राच्या सूचना मात्र बहुधा इंग्रजीत असतात आणि वेगवेगळ्या संस्थांच्या वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या असतात. महापालिकांची परिपत्रके मिळवणे त्याहून अवघड. आपल्या भागात ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर अशा शेजारी-शेजारी महापालिका आहेत. रेल्वेची दोन स्थानके ओलांडली की कारभार बदलतो, आणि नागरिकाला आपण कुणाच्या हद्दीत आहोत इथपासून सुरुवात करावी लागते.

वास्तविक हे कागद लोकांपुढे ठेवणे हे सरकारचे उपकार नाहीत. केंद्राचा माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्राने तर त्याआधीच स्वतःचा कायदा केला होता. केंद्राच्या कायद्याचे कलम ४ फार महत्त्वाचे आहे. प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपले नियम, सूचना आणि कामकाजाच्या पुस्तिका यांची माहिती कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे ते सांगते. इतकेच नव्हे, तर ही माहिती स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल असा मार्ग लक्षात घेऊन पसरवावी, असेही त्यात आहे. सूचना फलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा हे मार्ग कायद्यानेच सुचवले आहेत. म्हणजे संकेतस्थळावर फाइल टाकून हात झटकणे कायद्याला पुरेसे वाटत नाही.

कागद कसा वाचावा?

कागद हाती आला तरी चार प्रश्न विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये. कुणी काढला? कधी काढला? कुणाला लागू आहे? आणि नंतर बदलला आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उदाहरण देतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. बातमी वाचून लोकांना वाटले, आता सगळीच सरकारी रुग्णालये फुकट. पण निर्णय त्या एका विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय राज्याचे आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय महापालिकेचे आहे. महापालिकेच्या रुग्णालयाचे दर महापालिका ठरवते. हे माहीत नसले की केस पेपरच्या खिडकीवर रुग्ण आणि कारकून यांची उगाच जुंपते. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

आणखी एक सावधगिरी. मार्गदर्शक सूचना सर्वसाधारण रुग्णासाठी असतात. तुमचा मधुमेह, तुमचे मूत्रपिंड, तुमची ॲलर्जी त्यांना ठाऊक नसते. म्हणून कागद वाचून स्वतःचे औषध स्वतः बदलू नका. कागद डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, "माझ्या बाबतीत हे लागू आहे का?" हा प्रश्न विचारल्याबद्दल कुठल्याही डॉक्टरने रागावू नये.

मिळत नसेल तर?

आधी तोंडी विचारावे, मग साधा लेखी अर्ज द्यावा. तरी नाही मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. प्रश्न कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते. अर्जात "का दिले नाही" असे भांडण करू नये. "अमुक विषयावरील सध्या लागू असलेल्या परिपत्रकाची प्रत मिळावी" एवढेच लिहावे. कागद मागितला की कागद मिळतो. खुलासा मागितला की टोलवाटोलवी मिळते.

खासगी रुग्णालयांविषयीही काही हक्क आहेत. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे. त्याखालचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. शहरात यावर देखरेख महापालिकेच्या आरोग्य विभागाची असते. फलक दिसला नाही तर आधी रुग्णालयाला, मग महापालिकेला विचारावे. आमच्याच व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही, असे कुणी म्हणेल. माझे मत उलट आहे. दर आधी दिसले की नंतरची कटुता टळते, आणि हल्ली दवाखान्यांत होणाऱ्या हाणामाऱ्यांचे एक मोठे कारण बिलाच्या वेळी बसणारा धक्का हेच असते.

आपल्या गावात काय करता येईल?

इंग्लंडमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था १९९९ पासून उपचारांच्या सूचना तयार करते. तिने अनेक सूचनांबरोबर सामान्य लोकांसाठी सोप्या भाषेतला मजकूरही दिला. डॉक्टरसाठी एक कागद, रुग्णासाठी दुसरा. ही पद्धत आपल्याला अवघड का वाटावी?

महापालिकेच्या आरोग्य विभागाने आपल्या दहा महत्त्वाच्या सूचना प्रत्येकी एका पानाच्या मराठी मजकुरात छापाव्यात : कुत्रा-साप चावणे, क्षयरोग, डेंग्यू, बाळाच्या लशी, प्रसूती, रक्त मिळवणे, मृत्यूचा दाखला वगैरे. प्रत्येक पानावर तारीख असावी आणि कागद बदलला की जुने पान काढून नवे लावावे. जुना फलक हा नसलेल्या फलकापेक्षा घातक असतो.

दुसरी सूचना वाचनालयांना. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. एवढ्या जुन्या संस्था आपल्याकडे आहेत. तिथल्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर 'सरकारी आरोग्य परिपत्रके' अशी एक फाइल ठेवता येईल. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी रोज तिथे येतात. महिन्यातून एकदा दोघा-तिघांनी बसून नवे निर्णय छापून लावले तरी पुष्कळ काम होईल. ज्यांच्याकडे संगणक नाही, किंवा असूनही इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, त्यांची सोय होईल.

तिसरी सूचना आम्हा डॉक्टरांना. औषध कंपन्यांची रंगीत कॅलेंडरे आम्ही भिंतीवर लावतोच. त्यांच्या शेजारी एक साधा पांढरा कागद लावायला जागा नक्की निघेल.

आणि वाचकांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात, सरकारी वा खासगी, नंबर लागेपर्यंत बाकावर बसाल, तेव्हा पाच मिनिटे भिंत वाचा. हक्कांची सनद आहे का, दर आहेत का, तक्रार कुणाकडे करायची ते लिहिले आहे का, हे पाहा. नसेल तर खिडकीवर शांतपणे विचारा. एकाने विचारले तर दुर्लक्ष होईल, दहा जणांनी विचारले तर फलक लागेल.